‘द अँड्रोमेडा स्ट्रेन’ (१९७१) : कादंबरीतला अहवाल पडद्यावर कसा उतरला?

तिसरी_घंटा

मायकल क्रायटनचं नाव निघालं की गप्पा डायनोसॉरपाशी जाऊन थांबतात. त्याच्या नावावर आलेल्या पहिल्या कादंबरीवरचा चित्रपट मात्र फारसा कुणाच्या बोलण्यात येत नाही. कादंबरी १९६९ ची, चित्रपट १९७१ चा, दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, पटकथा नेल्सन गिडिंग. कादंबरीवरून चित्रपट कसा करावा याचा इतका नेटका नमुना क्वचित सापडतो, म्हणून हा स्वतंत्र धागा.

आधीच सांगतो, खाली शेवटासकट सगळं उघड होणार आहे. ज्यांना कोरं पाहायचं आहे त्यांनी आधी चित्रपट पाहून यावं.

कथा दोन ओळींत: अवकाशातून सूक्ष्मजीव गोळा करायला पाठवलेला एक उपग्रह अमेरिकेच्या वाळवंटातल्या पीडमाँट नावाच्या छोट्या गावाजवळ उतरतो आणि गावातली माणसं जागच्या जागी मरतात. वाचतात दोघंच, एक म्हातारा दारुडा आणि एक सतत रडणारं तान्हं बाळ. चार शास्त्रज्ञ (स्टोन, हॉल, डटन आणि लेव्हिट) जमिनीखालच्या पाच मजली प्रयोगशाळेत बसून शोधायला लागतात की हे दोघं का वाचले. संसर्ग आतून सुटला तर प्रयोगशाळा अणुस्फोटाने आपोआप उडणार, आणि तो स्फोट थांबवण्याची किल्ली एकट्या हॉलकडे.

कादंबरी गाजली ती तिच्या रूपामुळे. ती गोष्टीसारखी लिहिलेलीच नाही. एखाद्या सरकारी गुप्त अहवालासारखी आहे: तक्ते, संगणकाचे छापील कागद, आकृत्या, शेवटी खोटी खोटी संदर्भसूची. पात्रांच्या मनात शिरायचं तिला वावडं आहे. आता असा ‘अहवाल’ पडद्यावर आणायचा कसा? बहुतेकांनी काय केलं असतं तेही उघड आहे. एक प्रेमप्रकरण घातलं असतं, नायकाला बायको-मुलं दिली असती, पहिल्या वीस मिनिटांत सगळ्यांना प्रयोगशाळेत लोटलं असतं आणि उरलेला वेळ धावपळीला दिला असता.

वाइजने याच्या उलट केलं. अहवालाचा रूक्षपणा हेच त्याने नाट्य मानलं. शास्त्रज्ञ मजल्यामागून मजला खाली उतरतात, प्रत्येक मजल्यावर आदल्यापेक्षा कडक निर्जंतुकीकरण होतं. कपडे जाळले जातात, झगझगीत प्रकाशाच्या झोताने कातडीचा वरचा थर जळून त्याची पांढरी राख अंगावर दिसते, लसी टोचल्या जातात. हे सगळं चित्रपट सावकाश, क्रमाने दाखवतो. कंटाळा येईल असं वाटतं, पण येत नाही, कारण प्रत्येक पायरीला तुम्ही नकळत हिशेब करायला लागता: इतकं सगळं केलंय, तर मग चुकणार कुठे?

आणि चुकतं ते फार क्षुल्लक जागी. कागदाची एक चिंधी, एक लुकलुकणारा दिवा, दार हवाबंद ठेवणारं रबराचं एक गॅस्केट. खलनायक कुणीच नाही. मोठ्या यंत्रणेला लहान वस्तू कशी बुडवते ही कादंबरीची खरी गोष्ट, आणि चित्रपटाने ती शब्दांऐवजी चौकटींमधून सांगितली. ज्यांना कॅमेरा, संकलन, वैद्यक यातलं कळतं त्यांनी आपापल्या बाजूने भर घालावी.

भिंगघर

धाग्याबद्दल आभार. कॅमेऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण या चित्रपटाचं निम्मं यश तिथे आहे. छायाचित्रण रिचर्ड क्लाइनचं.

तुम्ही पाहिलं असेल, कितीतरी चौकटींत एका बाजूला कुणाचा तरी चेहरा अगदी जवळ असतो आणि दुसऱ्या बाजूला खोलीच्या टोकाला दुसरा माणूस, आणि दोघंही सुरीसारखे स्पष्ट. साध्या भिंगाने हे होत नाही. त्यातून हा चित्रपट पॅनाव्हिजनच्या रुंद पडद्यासाठी ॲनामॉर्फिक, म्हणजे दृश्य आडवं दाबून फिल्मवर घेणाऱ्या, भिंगांवर चित्रित झालेला. तेवढ्याच उंचीच्या चौकटीसाठी तिथे लांब फोकल लेंग्थ लागते, म्हणजे स्पष्टतेची खोली (जवळ-लांबचं जेवढं अंतर एकदम स्पष्ट दिसतं ते) आणखी कमी.

यावर उपाय म्हणून स्प्लिट डायॉप्टर वापरला आहे. हे म्हणजे अर्धं कापलेलं बहिर्वक्र भिंग. ते मुख्य भिंगाच्या पुढे असं बसवायचं की अर्ध्या चौकटीपुढे काच येईल आणि उरलेली अर्धी मोकळी राहील. मोकळ्या बाजूला मुख्य भिंगाचा फोकस चालतो, काचेच्या बाजूला जवळचा.

हिशेब सोपा आहे. अंतर मीटरमध्ये घ्यायचं, त्याचा व्यस्त काढायचा आणि त्यात भिंगाची शक्ती मिळवायची. समजा मागचा माणूस ४ मीटरवर आहे. व्यस्त ०.२५. पुढे +१ चं अर्धं भिंग लावलं तर १.२५, त्याचा पुन्हा व्यस्त ०.८, म्हणजे जवळचा चेहरा ८० सेंटिमीटरवर हवा. +२ लावलं तर २.२५, म्हणजे साधारण ४४ सेंटिमीटर. +½ लावलं तर सुमारे १.३३ मीटर. हे अंतर पुढच्या काचेपासून मोजायचं. सवयीने मागे फिल्मपासून टेप लावला तर जवळच्या बाजूचा फोकस हमखास चुकतो.

बिघडतं कुठे, तर पहिली गोष्ट सांधा. दोन भागांच्या मधे एक धूसर उभी पट्टी येते. ती लपवायला दाराची चौकट, खांब, भिंतीचा कोपरा किंवा सपाट रंगाची रिकामी भिंत अचूक तिथे आणावी लागते. ॲपर्चर (भिंगातून प्रकाश आत सोडणारं छिद्र) जितकं उघडं तितकी पट्टी रुंद आणि मऊ. बारीक केलं तर ती अरुंद होते पण रेघ ठसठशीत दिसायला लागते. दुसरी गोष्ट हालचाल. नटाचा हात सांध्यावरून पलीकडे गेला की अर्धा हात धूसर होतो, म्हणून नटाला आपल्या अर्ध्यातच राहावं लागतं. कॅमेरा फिरवला तर सांधा भिंतीवरून सरकताना उघडा पडतो. तिसरी गोष्ट, जवळच्या बाजूला स्पष्टतेची खोली काही सेंटिमीटरचीच असते. नट बोलता बोलता पुढे झुकला की गेला.

म्हणजे या तंत्राने नट आपोआप ताठ, जखडलेले होतात. एरवी हा दोष ठरला असता. इथे पात्रं खरोखरच काचेमागे, सूटमध्ये, ठरल्या जागी बसून काम करणारी माणसं आहेत. तंत्राची मर्यादा आणि गोष्टीची गरज एकाच ठिकाणी भेटली आहे, आणि म्हणूनच इतर चित्रपटांत डोळ्यांत खुपणारे असे शॉट इथे खुपत नाहीत.

आणखी एक धागा जोडतो. वाइज मूळचा संकलक, ‘सिटिझन केन’चं (१९४१) संकलन त्याचं. तिथे ग्रेग टोलंडने रुंद भिंगं, बारीक ॲपर्चर आणि भरपूर उजेड वापरून खोल स्पष्टता आणली होती. काही चौकटींत तर एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून ती साधली होती. तीस वर्षांनी वाइजने तेच दृश्य-गणित दुसऱ्या साधनाने मांडलं.

कोरीपाटी

दोन प्रश्न. चित्रपट खूप संथ आहे असं ऐकलं आहे, खरं का? आणि आधी कादंबरी वाचावी की आधी चित्रपट पाहावा?

तिसरी_घंटा

लांबी सव्वादोन तासांच्या थोडी आत आहे. पहिला भाग पीडमाँटचा, तो अंगावर येतो. मधला भाग प्रयोगशाळेत उतरण्याचा आणि शोधाचा. तिथे सवय नसलेल्या माणसाला वेळ जाणवतो. शेवटची काही मिनिटं पुन्हा वेगवान. मधल्या भागात हातातला फोन बाजूला ठेवा, कारण नंतर जे जे बिघडतं त्याची प्रत्येक खूण तिथे दाखवून ठेवली आहे. तिथे दुर्लक्ष झालं तर शेवट नुसती पळापळ वाटेल.

आधी चित्रपट पाहा. कादंबरीचा निवेदक ‘ही चूक नंतर महागात पडली’ अशा अर्थाची वाक्यं आधीच पेरत जातो, त्यामुळे चित्रपटातल्या खुणा हेरण्याचा आनंद जातो.

रक्तपेशी

वैद्यकीय बाजू. मूळ कोडं सुंदर आहे: साठी उलटलेला म्हातारा आणि काही महिन्यांचं बाळ यांच्यात असं काय समान की दोघंही वाचावेत? उत्तर असं की समान काहीच नाही, दोघं विरुद्ध टोकांना आहेत. रक्ताचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्कली आहे हे सांगणारा आकडा, साधारण ७.३५ ते ७.४५ असतो. उपग्रहासोबत आलेला हा सूक्ष्मजीव त्यातल्या अगदी चिंचोळ्या पट्टीतच वाढतो. म्हाताऱ्याचं रक्त जास्त आम्ल झालेलं, बाळाचं जास्त अल्कली. दोघंही पट्टीच्या बाहेर, म्हणून जिवंत.

म्हातारा काय करत असतो? पोटातल्या अल्सरचं दुखणं मारायला ॲस्पिरिन खातो आणि स्टर्नो पितो. स्टर्नो म्हणजे डब्यातलं जळण, अन्न गरम ठेवायला वापरतात ते. त्यात मिथेनॉल असतं. मिथेनॉलचं यकृतात आधी फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल होतं, त्यामुळे रक्त आम्ल होतं. हे बरोबर आहे. ॲस्पिरिनचं थोडं गुंतागुंतीचं आहे. जास्त मात्रेत ते आधी मेंदूतल्या श्वसनकेंद्राला चेतवतं, श्वास वाढतो आणि रक्त उलट अल्कलीकडे झुकतं. आम्लता नंतर येते. मोठ्या माणसात बहुधा दोन्हींची सरमिसळ दिसते. म्हणजे एकट्या ॲस्पिरिनवर म्हातारा वाचला असता की नाही याची शाश्वती नव्हती. दोन कारणं एकत्र ठेवली हे बरं झालं.

बाळाचं: सतत रडल्याने श्वास भराभर, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, रक्त अल्कली होतं. तत्त्व पक्कं आहे. प्रत्यक्षात रडताना बाळ श्वास रोखूनही धरतं, त्यामुळे परिणाम इतका स्थिर राहील का, ही शंका घ्यायला जागा आहे. त्याहून मोठी अडचण वेगळीच. धमनीतल्या आणि शिरेतल्या रक्ताचा पीएच एकसारखा नसतो, शिरेतला साधारण ०.०३ ते ०.०५ ने कमी असतो. पट्टी जर खरंच इतकी चिंचोळी असेल, तर निरोगी माणसाच्या शरीरातही काही भागात जीव वाढेल आणि काही भागात वाढणार नाही.

तरी एक गोष्ट मला फार आवडते. उत्तर कुठल्याही महागड्या यंत्रातून येत नाही. डॉ. हॉल रुग्णापाशी बसून विचारतो, ‘तुम्ही रोज काय खाता-पिता?’ चार शास्त्रज्ञांत रुग्णाशी बोलणारा तो एकटाच. वैद्यकाच्या पहिल्या पाठाचा इतका आदर करणारा विज्ञान-थरारपट शोधून सापडणार नाही.

पानकोपरा

धागा छान, पण कादंबरीच्या बाजूने एक तक्रार नोंदवायलाच हवी. चित्रपटाने जे गमावलं तेही मोजलं पाहिजे.

पहिलं, निवेदक. वर उल्लेख आलाय तो आगाऊ इशारे देणारा आवाज हा कादंबरीचा कणा आहे. चित्रपटात त्याची जागा सिनेटसमोरच्या सुनावणीच्या तुकड्यांनी घेतली. त्याने काळाचं भान येतं, पण ‘कोण चुकलं’ याची ती थंड नोंद येत नाही.

दुसरं, शेवट. कादंबरीत जीव स्वतःच बदलतो, निरुपद्रवी होऊन वातावरणात वर निघून जातो. माणसांनी काहीही केलेलं नसतं, ही त्यातली खरी चपराक. उपसंहारात एक अंतराळयान परतताना जळून जातं आणि धोका टळला नसल्याची पुसट जाणीव राहते. चित्रपटात ढगांवर रसायन फवारून पाऊस पाडतात, जीव समुद्रात जातो आणि खाऱ्या अल्कली पाण्यात संपतो. इथे माणूस जिंकतो. सुनावणीचं शेवटचं वळण आणि संगणकाच्या पडद्यावर चमकणारा ६०१ हा आकडा (माहितीचा भार झेपत नसल्याची खूण) मनात धास्ती ठेवतात हे मान्य, पण कादंबरीतली असहायता जास्त प्रामाणिक होती.

तिसरं, लेसर. स्फोट थांबवायला मध्यवर्ती नळकांड्यातून हॉल वर चढतो तेव्हा कादंबरीत पळालेल्या प्राण्यांसाठी ठेवलेले औषधी बाण आहेत, चित्रपटात लेसर. लेसर दिसायला झकास, पण बेशुद्ध पडत चाललेला माणूस शिडी चढतोय यातली घुसमट त्यात पातळ होते. आणि अणुस्फोटाची मुदत कादंबरीत ३ मिनिटं, चित्रपटात ५. ती दोन मिनिटं फक्त चढाई ताणण्यासाठी आहेत.

तिसरी_घंटा

@पानकोपरा, शेवटाबद्दल पूर्ण सहमत. पावसाचा उपाय घाईत उरकल्यासारखा वाटतो. मुदतीबद्दल मात्र नाही. तीन मिनिटं वाचताना पुरतात, कारण वाचक वाक्याच्या गतीने जातो. पडद्यावर हॉलने दार गाठणं, ते बंद होणं, दुसरा रस्ता शोधणं, नळकांड्यात शिरणं, चढणं आणि किल्ली फिरवणं हे खऱ्या वेळात दाखवायचं तर तीन मिनिटांत बसत नाही. वाइजने घड्याळ आणि चित्रपटाची वेळ जवळपास सोबत चालवली आहे. मुदत वाढवली म्हणून प्रामाणिकपणा टिकला.

कातरजोड

संकलनावर. या चित्रपटाला ऑस्करची दोन नामांकनं होती, कलादिग्दर्शन आणि संकलन. संकलनाचं का, ते पीडमाँटच्या प्रसंगात कळतं.

स्टोन आणि हॉल पांढऱ्या सूटमध्ये गावातून फिरतात, खिडक्यांमधून आत डोकावतात. पडदा काळा होतो, त्यावर एका बाजूला डोकावणारा माणूस एका चौकोनात आणि शेजारी दुसऱ्या चौकोनात तो जे पाहतो ते: खुर्चीतलं प्रेत, पलंगावरचं प्रेत. नेहमीची पद्धत म्हणजे आधी बघणारा, मग कट, मग दृश्य. प्रत्येक घरासाठी असे दोन शॉट लावले तर दहा घरांना वीस कट लागतात आणि चौथ्या घरानंतर प्रेक्षक बधिर होतो. शेजारी शेजारी ठेवल्याने दोन गोष्टी साधतात. वेळ निम्मा होतो, आणि मुख्य म्हणजे हे तपासाच्या वहीत चिकटवलेल्या फोटोंसारखं दिसतं. कादंबरीतला ‘अहवाल’ इथे शब्दशः डोळ्यांपुढे येतो.

हे त्या काळी ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे एका फिल्मवरची प्रतिमा दुसऱ्या फिल्मवर उतरवणाऱ्या यंत्रावर, करावं लागे. प्रत्येक चौकोनासाठी काळा मुखवटा बनवायचा, म्हणजे मॅट. पहिल्या फेरीत फक्त एक चौकोन उघडा, बाकी काळं; फिल्म मागे घ्यायची; दुसऱ्या फेरीत दुसरा चौकोन उघडा. चार चौकोन असतील तर त्याच निगेटिव्हवरून चार फेऱ्या. फिल्मची छिद्रं पिनवर अचूक बसली नाहीत तर चौकोनाच्या कडा थरथरतात. दोन उघडे भाग एकमेकांवर किंचित चढले तर कडेला उजळ रेघ, कमी पडले तर काळी फट. चौथ्या फेरीत चूक झाली की पहिल्यापासून सुरुवात.

त्यात आणखी एक दुखणं: हे सगळं दुसऱ्या पिढीच्या फिल्मवर होतं, म्हणून त्या भागात दाणा (प्रतिमेतला खरखरीतपणा) वाढतो आणि रंग किंचित उतरतात. साध्या शॉटवरून चौकोनांवर येताना हा फरक जाणवू नये म्हणून चौकोनांभोवती भरपूर काळी जागा सोडणं हा उत्तम उपाय, कारण शेजारी तुलना करायला स्वच्छ प्रतिमाच उरत नाही. चांगल्या प्रतीत पाहताना लक्ष द्या, दाणा वाढलेला दिसेल.

याच प्रसंगात एक जवळचा शॉट आहे तो विसरता येत नाही. गावच्या डॉक्टरच्या प्रेताच्या मनगटावर हॉल छेद घेतो. रक्त येत नाही. तांबूस भुकटी झरझर खाली सांडते. संवादांत नंतर जे सांगितलं जातं, रक्त एका क्षणात गोठून सुकलं, ते इथे एका हालचालीत सांगून झालेलं असतं.

आणि हे सगळं असूनही अमेरिकेत चित्रपटाला ‘जी’, म्हणजे सर्वांसाठीचं प्रमाणपत्र होतं.

भिंगघर

+१. पीडमाँटमध्ये कादंबरीत स्टोनबरोबर बर्टन जातो, चित्रपटात हॉल (बर्टनचं नाव इथे डटन झालं). हा बदल लहान पण हुशारीचा. शेवटी किल्ली हॉलच्याच हातात असणार, मग सुरुवातीचं संकटही प्रेक्षकाने त्याच्याच डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

कोरीपाटी

डॉ. लेव्हिट कादंबरीत पुरुष आहे ना? बाई का केली? आणि तिच्या आजाराचं वैद्यकीयदृष्ट्या पटतं का?

तिसरी_घंटा

हो, कादंबरीत पीटर लेव्हिट, चित्रपटात रूथ. सूचना गिडिंगची. वाइजला आधी धास्ती होती की शोभेची नटी आत शिरेल. मग त्याने शास्त्रज्ञांना विचारलं, त्यांना कल्पना आवडली आणि तो राजी झाला. भूमिका केट रीडने केली: चष्मा, तिरसट स्वभाव, फटकळ तोंड, कामात वाघ. चौघांत सगळ्यात जिवंत पात्र तीच. पॉला केलीची परिचारिकाही लक्षात राहते. पडद्यावर प्रसिद्ध चेहरे मुळात नाहीतच. आर्थर हिल, डेव्हिड वेन, जेम्स ओल्सन ही मुरलेली पण तारे नसलेली मंडळी, म्हणून ते प्रयोगशाळेतलेच वाटतात.

रक्तपेशी

आजाराचं उत्तर. लेव्हिटला अपस्मार (फिट येण्याचा आजार) आहे आणि तिने तो लपवला आहे. नमुने तपासताना ‘वाढ नाही’ अशी लाल सूचना पडद्यावर लुकलुकते आणि ती काही क्षण कोरी होते. जीव कुठल्या माध्यमात वाढत नाही हीच तर हवी असलेली माहिती, आणि नेमकी तीच निसटते.

पटतं का? प्रकाशाने येणारे झटके बहुधा सेकंदाला १५ ते २० वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशाने सर्वाधिक येतात, पण ती मर्यादा बरीच खाली आणि वरही जाते. गडद लाल रंग जास्त त्रासदायक असतो हे खरं आहे. साधा सूचनादिवा इतका संथ असतो की प्रत्यक्षात शक्यता कमी. पण क्षणभर कोरं होणं, पडणं नाही, हातपाय झाडणं नाही, आणि नंतर स्वतःलाही न कळणं, हे ‘ॲब्सेन्स’ प्रकारच्या झटक्याचं वर्णन अचूक आहे. त्या प्रकारात बघणाऱ्याला वाटतं माणूस विचारात पडलाय. केट रीडने ते तसंच केलं आहे: नजर थांबते, बाकी काहीच होत नाही. पहिल्यांदा पाहताना अनेकांच्या हे लक्षातही येत नाही. शेवटी धोक्याचे दिवे लुकलुकतात तेव्हा मात्र मोठा झटका येतो आणि मागचा प्रसंग उलगडतो.

स्वरांतर

संगीताबद्दल कुणीच लिहिलं नाही! गिल मेलेचं आहे, संपूर्ण इलेक्ट्रॉनिक. एकही व्हायोलिन नाही. मेले मूळचा जॅझ सॅक्सोफोनवादक, इलेक्ट्रॉनिक वाद्यं स्वतः बनवणारा. यासाठी त्याने ‘पर्क्युसोट्रॉन’ नावाचं तालयंत्र वापरलं. १९७१ मध्ये मोठ्या स्टुडिओच्या चित्रपटात हे धाडस होतं.

ऐकताना एक करून पाहा. यंत्रांचा आवाज कुठे संपतो आणि संगीत कुठे सुरू होतं ते पकडायचा प्रयत्न करा. प्रयोगशाळेच्या बहुतेक प्रसंगांत सापडत नाही. भावना सांगणारी सुरावट नाही, म्हणून प्रेक्षकाला कुणी ‘आता घाबर’ असं सुचवत नाही. पीडमाँटच्या गल्ल्यांत तर बराच वेळ फक्त सूटमधला श्वास आणि वारा.

पानकोपरा

माकडाच्या प्रसंगाचं काय? तो पाहवत नाही. उपग्रहाजवळ पिंजरा उघडतो आणि माकड तडफडून पडतं. ते अभिनय नाही.

कातरजोड

माकड मेलं नाही. सेट हवाबंद करून त्यात कार्बन डायऑक्साइड भरला होता, पिंजरा उघडताच ते गुदमरून बेशुद्ध पडलं, आणि चौकटीबाहेर थांबलेल्या पशुवैद्याने लगेच ऑक्सिजन देऊन शुद्धीवर आणलं. प्राणिसंरक्षण संस्थेचा माणूस हजर होता.

पानकोपरा

तरीही त्या प्राण्याची घुसमट खरी होती. आज कुणी असं करू नये आणि करूही दिलं जात नाही. चित्रपटाची थोरवी मान्य करूनही हा डाग तसाच राहतो.

रक्तपेशी

पानकोपरा यांच्याशी सहमत. कार्बन डायऑक्साइड श्वासात गेल्यावर होणारी तगमग ही साध्या ऑक्सिजन-अभावापेक्षा जास्त असते. ‘शुद्धीवर आलं’ म्हणून ती मिटत नाही.

पोचपावती

यंत्रणेच्या बाजूने थोडं. धागाकर्त्याने ‘कागदाची चिंधी’ म्हटलं, तो प्रसंग नीट मांडतो, कारण सगळी गोष्ट त्यावर फिरते.

पीडमाँटवर अणुबॉम्ब टाकून जागा निर्जंतुक करायचा आदेश शास्त्रज्ञांनी मागितलेला असतो. वर तो लांबणीवर पडतो, आणि तसं कळवणारा संदेश प्रयोगशाळेच्या टेलिप्रिंटरवर येतो. संदेश व्यवस्थित छापला जातो. महत्त्वाचा संदेश आला की घंटा वाजावी अशी सोय असते. पण कागदाच्या रोलच्या कडेची एक बारीक पट्टी सुटून घंटा आणि तिचा टोला यांच्या मधे अडकलेली असते. टोला हलतो, कागदावर आपटतो, आवाज नाही. वाइज हे अगदी जवळून दाखवतो: चकचकीत घंटा, थरथरणारा टोला, मधे कागदाची सुरळी. शास्त्रज्ञ बॉम्ब पडला असंच धरून चालतात.

इथे दोष कागदाचा नाही, रचनेचा आहे. तीन गोष्टी नव्हत्या. एक, पोच: संदेश वाचल्याचं उत्तर परत येईपर्यंत पाठवणाऱ्याने तो पुन्हा पुन्हा पाठवायला हवा होता. दोन, दुसरी खूण: आवाजासोबत दिवाही लागायला हवा होता. तीन, ठरावीक वेळाने घंटेची चाचणी. यातली पहिली एकटी असती तरी पुरलं असतं. मोठ्या खर्चाच्या यंत्रणेत शेवटच्या हातभर अंतराकडे कुणी पाहत नाही, हे क्रायटनला नेमकं दिसलं होतं.

रबराचंही तसंच. जीव बदलतो आणि रबर-प्लॅस्टिक खायला लागतो. वरून उडणारं फँटम विमान कोसळतं तेव्हा वैमानिकाच्या शेवटच्या बोलण्यातून ही खूण मिळालेली असते. अशा प्रयोगशाळेत आतला हवेचा दाब बाहेरपेक्षा कमी ठेवतात, म्हणजे फट पडली तरी हवा आत यावी, बाहेर जाऊ नये. पण इथे फट पडत नाही, दारांभोवतीची गॅस्केटच विरघळतात. सगळे अडथळे एकाच प्रकारच्या मालावर उभे होते. तो माल गेला की सगळेच गेले. एक दार धातूच्या सीलचं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती.

शिवाय दोन सुरक्षा उपाय एकमेकांच्या मुळावर आलेले. संसर्ग सुटला की पाच मिनिटांत अणुस्फोट, हा उपाय साध्या जंतूसाठी बरोबर. हा जीव मात्र ऊर्जेवरच वाढतो, म्हणजे स्फोट त्याला जेवण. स्फोट थांबवण्याची किल्ली एकाच माणसाकडे, आणि तो माणूस जिथे अडकतो तिथे किल्ली लावायची जागाच नाही.

कोरीपाटी

आता पाहणार आहे. घंटेचा शॉट साधारण कुठे येतो? चुकू नये म्हणून विचारतोय.

पोचपावती

मिनिट सांगत नाही, शोधण्यात मजा आहे. खूण एवढीच: टेलिप्रिंटरची खोली आली आणि तिथला कर्मचारी यंत्राकडे पाठ करून बसलेला दिसला की आवाज वाढवा. टकटक ऐकू येईल, घंटा येणार नाही.